टांगा गावचा जुमा

चिंचवडच्या बागेत संध्याकाळी आम्ही कारखान्यातले पाच-सहा रिटायर्ड लोक बसतो. तिथे जुमाचा विषय निघाला की दर वेळी एक गोल वाढतो. परवा पेंटशॉपमधला एक जण सांगत होता, जुमाने मारलेल्या बॉलने एकदा क्रॉसबार तुटला होता. आता त्या क्रॉसबारखाली मीच उभा होतो. क्रॉसबार नव्हताच तिथे. दोन बांबू होते आणि वर सुंभ बांधलेलं होतं. तुटलं ते सुंभ. पण हे सांगितलं की लोकांना राग येतो.

म्हणून म्हटलं, सुंभाचा क्रॉसबार होतो तसा उद्या जुमाचाही कुणी राक्षस करून ठेवायचा. त्यापेक्षा मी स्वतः गोलमध्ये उभं राहून जे पाहिलं, तेवढं सांगून टाकतो.

नवीन माणसासाठी आधी थोडं. पन्नासच्या दशकात आम्ही पंपाच्या कारखान्यात होतो. शेतीचे पंप आणि ऑइल इंजिनं बनायची. निगडीला तेव्हा बाभळी होत्या, आणि चिखलीला जायचं तर अर्धा रस्ता सायकल आपल्यावर बसायची. कारखान्याची फुटबॉल टीम होती. तात्या नावाचा फिटर कॅप्टन. मी, बाळू, कऱ्हाडकडून आलेला, मशीनशॉपचा. पळताना दम लागायचा म्हणून मला गोलमध्ये उभा केलेला. टीम एकदम शिस्तीची. सेकंड शिफ्ट चुकू नये म्हणून वेळेत हरून यायचो.

आणि जुमा किब्वाना टांगानिकाचा. पूर्व आफ्रिकेतला देश, तेव्हा इंग्रजांकडे होता. आपल्या सरकारच्या स्कॉलरशिपवर तो बोटीने मुंबईला आला आणि तिथून थेट दोन वर्षांच्या ट्रेनिंगसाठी आमच्याकडे आला. आमच्या भागात त्याच्या आधी फुटबॉल खेळणारा आफ्रिकन माणूस कुणी पाहिला नव्हता. खरं म्हणजे आफ्रिकन माणूसच पाहिला नव्हता.

*

तो आला त्या दिवशीचं सांगतो.

ऑफिसातून तात्याला चिठ्ठी मिळाली, ‘आफ्रिकेचे ट्रेनी जे. किब्वाना सकाळच्या गाडीने येत आहेत, उतरवून घ्यावे.’ साहेबाचं अक्षर असं की तात्याने वाचलं, जे. के. बुवा. आफ्रिकेहून यायचे ते त्या काळी गुजराती व्यापारी. तात्या म्हणाला, “तिकडे कीर्तनाला वगैरे गेलेले असतील कुणी बुवा.” म्हणून त्याने वाटेत हार घेतला.

आम्ही दोघं चिंचवड स्टेशनवर हार धरून उभे. गाडी आली, गाडी गेली, प्लॅटफॉर्म रिकामा झाला. बुवा काही दिसेनात. एक उंच, काळाभोर तरुण तेवढा पत्र्याची ट्रंक घेऊन उभा होता. सूट घातलेला. आम्ही त्याच्या बाजूने दोनदा गेलो, एकदा तर तात्याने त्याला “जरा सरका” असंही म्हटलं.

तो बाहेर पडला तसा टांगेवाला पुढे झाला. “टांगा?”

त्या पोराचा चेहरा एकदम उजळला. बोटीतून उतरल्यापासून पहिल्यांदाच कुणी ओळखीचं भेटल्यासारखा. नंतर कळलं, त्याच्या गावाचं नावच टांगा. समुद्रकाठचं बंदर आहे. त्याला वाटलं, ह्या माणसाने आपल्याला बघताक्षणी गाव ओळखलं. त्याने छातीवर हात ठेवला आणि आनंदाने म्हणाला, “येस, येस. टांगा. मी, टांगा.”

टांगेवाल्याने त्याला खालपासून वरपर्यंत पाहिलं.

“तू टांगा? मग मी कोण, घोडा?”

तेव्हा कुठे तात्याच्या डोक्यात प्रकाश पडला. त्याने पळत जाऊन हार घातला. हार कधी काढायचा असतो ते जुमाला माहीत नव्हतं. तो संध्याकाळपर्यंत घालून हिंडला, आणि मशीनशॉपमध्ये सगळ्यांना वाटलं की नवीन डायरेक्टर आले.

*

पहिले काही दिवस तो कारखान्याच्या पाहुण्यांच्या खोलीत होता. मग त्याच्यासाठी खोली शोधायला निघालो. तात्या, मी आणि तो.

पहिल्या घरी मालकाने आधी आम्हा दोघांना पाहून “आहे की खोली” म्हटलं. मग मागे उभा असलेला जुमा दिसला. “नाही, म्हणजे होती. कालच गेली.” दुसऱ्या घरीही खोली कालच गेलेली. तिसऱ्या घरी बाईंनी आतून कडी लावल्याचा आवाज तेवढा आला.

परत येताना जुमा शांतपणे इंग्रजीत म्हणाला, “काल चिंचवडला फारच गर्दी झालेली दिसते.”

आम्ही हसलो नाही. मला तर तोंड वर करवेना. कारण कँटीनमध्ये पहिल्या दिवशी त्याच्या पाठीमागे कुणीतरी माकडासारखा आवाज काढला होता आणि मी त्याला हसलो होतो. हे मी कधी कुणाला सांगितलं नव्हतं. जुमाने मात्र वळून पाहिलं होतं.

तात्या त्याला तसाच स्वतःच्या घरी घेऊन गेला. गावठाणात दोन खोल्यांचं घर. आई आणि मॅट्रिकला असलेली बहीण कुसुम. तात्या दारातच अडखळला, आईला कसं विचारावं म्हणून. आईने आतून पाहिलं आणि म्हणाली, “बाहेर का उभं केलंस त्याला? जेवलाय का?”

जुमाला ‘जेवलाय का’ कळलं नसेल, पण आवाज कळला. तो वाकून म्हणाला, “थँक यू, मामा.”

आई तात्याकडे वळली. “मला मामा म्हणाला का रे हा?”

मग उलगडा झाला. त्यांच्या भाषेत आईला ‘मामा’ म्हणतात. बरं, तेवढ्यावर थांबेल तर ना. तिकडे मोठ्या भावाला म्हणतात ‘काका’, आणि बहिणीला म्हणतात ‘दादा’. आठ दिवसांत त्या घराची पार वाट लागली. जुमा ओसरीवरून हाक मारायचा, “दादा, काका कुठे आहे?” आणि आतून कुसुम ओरडायची, “काका मामाबरोबर बाजारात गेलाय.”

आई म्हणायची, “माणूस लाख चांगला आहे रे, पण दिवसभर मला मिशा फुटल्यासारखं वाटतं.”

त्या वर्षी भाऊबीजेला शेजारच्या काकू काहीतरी मागायला आल्या. दारातूनच त्यांनी विचारलं, “काय चाललंय?” जुमा पाटावर बसला होता, त्यानेच उत्तर दिलं. एव्हाना कुसुमच्या शाळेच्या पुस्तकावरून त्याचं मराठी सुरू झालं होतं, त्यामुळे बोलायचा एकदम छापील. “आता दादा काकाला ओवाळीत आहे. नंतर दादा मला ओवाळील. मामा तबक धरून उभी आहे.”

काकू आल्या पावली परत गेल्या. काय मागायला आल्या होत्या ते आजपर्यंत कळलं नाही.

*

जुमा अनवाणी खेळायचा. आमच्यातलेही निम्मे अनवाणीच खेळायचे, पण पुण्याच्या टुर्नामेंटला बूट सक्तीचे होते. जुमाच्या मापाचे बूट पुण्यात मिळेनात. पाय लांब, आणि पुढून पंख्यासारखा रुंद.

चिंचवडच्या चौकात इस्माईलभाई बसायचे. टांग्याच्या घोड्यांचं सामान शिवायचे. दर शुक्रवारी जुमाला सायकलवर डबलसीट घेऊन नमाजाला जायचे, आणि येताना प्रत्येकाला थांबवून सांगायचे, “अपना जुमा है. सात समुंदर पार का.” त्यांना कळलं तेव्हा त्यांनी जुमाचा पाय मांडीवर घेतला, दोरीने माप घेतलं आणि म्हणाले, “बूट मैं बनाऊंगा.”

कातडं त्यांनी आणलं ते मोटेचं. विहिरीतून पाणी काढायची कातडी मोट. आमच्याच पंपांमुळे मोटा बंद पडत चालल्या होत्या, त्यामुळे ते कातडं पडून होतं. तात्याने बूट हातात घेऊन पाहिला आणि त्याचा हातच खाली गेला. “इस्माईलभाई, जड नाही का होणार?”

“मोट का चमडा है, बाबा. कुएं में बीस बरस चलता है. इसके पाँव में दो साल नहीं चलेगा?”

पहिल्या प्रॅक्टिसला सगळा कारखाना बघायला. आमच्या आमच्यातच मॅच लावली. जुमा समोरच्या बाजूला, तात्या रेफरी आणि मी गोलमध्ये. जुमा बूट घालून ओल्या वावरात चालावं तसा चालत होता. अर्धा तास काही झालं नाही. मग बॉल त्याच्या डाव्या पायावर आला आणि त्याने फटका मारला.

मला एवढंच दिसलं की काहीतरी काळं, गरगरत माझ्याकडे येतंय. आयुष्यात मारली नव्हती अशी उडी मी मारली. दोन्ही हातांत घट्ट पकडलं, छातीशी धरून खाली पडलो. लोकांनी टाळ्या वाजवल्या. मी डोळे उघडून अभिमानाने तात्याकडे पाहिलं.

तात्याने शिट्टी वाजवली. “गोल.”

“गोल कसा? मी अडवला की.”

“काय अडवलंस ते बघ आधी.”

माझ्या हातात बूट होता. बॉल मागे जाळ्यात.

मी इस्माईलभाईंकडे जाऊन भांडलो. त्यांनी चष्म्यावरून पाहिलं. “मेरा बूट गोल में गया क्या? नहीं ना? तूने पकडा. फिर मेरी क्या शिकायत?”

पुढे त्यांनी तेच कातडं तासून तासून पातळ केलं, आणि त्याच बुटांवर जुमा दोन सीझन खेळला.

*

कारखान्याचं मैदान एकदा शेडच्या पायासाठी खणून ठेवलं होतं. तेव्हा आम्ही चिखलीला धोंडिबा वस्तादांच्या वावरात प्रॅक्टिस करायचो, ज्वारी काढल्यावर. त्यांनी आमच्याकडून इंजिन घेतलं होतं, ती ओळख. वावराच्या कडेलाच त्यांची तालीम.

वस्ताद दोन दिवस बांधावर बसून बघत राहिले. तिसऱ्या दिवशी जुमाला हाक मारली. “पाव्हनं, कुस्ती येती का?”

“मला कुस्ती अवगत नाही,” जुमा म्हणाला.

वस्तादांनी माझ्याकडे पाहिलं. “ह्यो मास्तर हाय काय?” मग त्याला म्हणाले, “नसंना येत. नुसता हौद्यात उतर. माझा पठ्ठ्या तुला धरंल. धरलं की तू हारला. तू काय करायचं न्हाई.”

हौदा म्हणजे तालमीतला लाल मातीचा खड्डा. जुमा त्यात उतरला. वस्तादांचा पठ्ठ्या म्हणजे दारातून जायला आडवं व्हावं लागेल असा गडी. त्याने झडप घातली, तर जुमा तिथे नव्हता. परत घातली, परत नाही. जुमा पळत नव्हता बरं का. एवढ्याशा जागेत नुसता खांदा इकडे दाखवायचा आणि पाय तिकडे न्यायचा. पठ्ठ्याचा घाम मातीत टपकायला लागला. शेवटी तो मांडी घालून खालीच बसला. “वस्ताद, ह्यो न्हाईच हितं.”

गावातली माणसं हसली. वस्ताद नाही हसले. ते उठले, जुमाच्या पायांना हात लावून बघितला, घोट्यापासून गुडघ्यापर्यंत, बैल घेताना बघावं तसा. आणि म्हणाले, “आठवड्याला दूध धाडीन तुमच्या टीमला. ह्यानं माझ्या पोरास्नी हे शिकवायचं.”

त्या सीझनभर आम्ही चिखलीचं दूध प्यालो. आणि जत्रेच्या फडात वस्तादांच्या पठ्ठ्याने मोठ्या नावाजलेल्या पैलवानाला चीत केलं. हरलेल्याचा वस्ताद भांडायला आला. म्हणाला, “ही काय कुस्ती झाली? तुमचा गडी नुसता नाचत व्हता.”

धोंडिबा वस्ताद पटका सारखा करत म्हणाले, “आफ्रिकेचा डाव हाय त्यो. तुमच्याकडं यायला येळ लागंल.”

*

पुण्याच्या टुर्नामेंटमध्ये सेमीफायनलला आम्ही पोहोचलो, ते सगळं जुमामुळे. समोरची टीम शहरातली, प्रेक्षकही त्यांचेच. पहिल्या पाच मिनिटांत जुमाने गोल मारला, आणि मग सुरू झालं. आमच्या कँटीनमध्ये एकाने काढला होता तो आवाज इथे पन्नास-साठ जणांनी काढला. मी गोलमध्ये उभा होतो आणि माझे कान गरम झाले होते.

जुमा जणू बहिरा. तो खेळत राहिला. मग एका कोपऱ्यातून शेंगांची टरफलं त्याच्या अंगावर यायला लागली. हाफटाइमच्या आधी बॉल त्याच बाजूला बाहेर गेला. थ्रो आमचा. टचलाइनवर टरफलांचा सडा. रेफरी खेळाडूंना सांगू लागला, “जरा बाजूला करा ते, पाय घसरेल.”

जुमाने बॉल काखेत धरला. त्या लोकांच्या समोर जाऊन उभा राहिला. मला वाटलं, आता मारतो कुणालातरी. तात्या लांबून पळत सुटला.

जुमाने एकदा खाली पाहिलं, एकदा वर पाहिलं. आणि कुसुमच्या पुस्तकातल्या त्या छापील मराठीत, मोठ्याने, शब्द सुटे सुटे करून म्हणाला, “मी शेंगा खाल्लेल्या नाहीत. मी टरफलं उचलणार नाही.”

आता पुण्यात हे वाक्य कुणाचं, हे काय सांगायला पाहिजे? तिथला प्रत्येक माणूस ते शाळेत शिकलेला. मग मागच्या रांगेतून एक म्हातारे गृहस्थ, काळी टोपी आणि हातात छत्री, तरातरा पुढे आले. पुढच्या पोरांना छत्रीने ढोसून म्हणाले, “उचला. सगळी उचला. ऐकलंत ना?”

ती पोरं खरोखर उचलायला लागली. आणि त्या म्हाताऱ्याने जुमाला विचारलं, “कोणत्या शाळेत होता आपण?”

जुमा म्हणाला, “कुसुमच्या.”

आम्ही ती मॅच हरलो, हे बागेतले लोक कधी सांगत नाहीत. तीन-एक. पण बाहेर पडताना तिथलीच माणसं जुमाशी हात मिळवायला थांबली होती. आणि त्या रात्री नाही, पण दुसऱ्या दिवशी मी ठरवलं की कँटीनचं एकदा त्याला सांगून टाकायचं. चहा घेताना सांगितलं. “त्या दिवशी मी हसलो होतो.”

“मला माहीत आहे,” तो म्हणाला. “तू दात लपवत नाहीस.” आणि आपल्या बशीतलं बिस्कीट मोडून अर्धं माझ्यापुढे केलं.

*

जुमाचं पुढे काय झालं, हे लोक विचारतात.

ट्रेनिंग संपल्यावर तो परत गेला. टांगाच्या रेल्वे वर्कशॉपमध्ये लागला आणि तिथल्या कामगारांची टीम उभी केली. त्या टीमने आजूबाजूच्या सगळ्यांना हरवलं. मग त्यांच्या मुलुखाच्या टीममध्ये त्याची निवड झाली. देश स्वतंत्र झाला तेव्हा खेळायचं वय उलटलं होतं, पण नवी पोरं तयार करायला त्याला बोलावलं. तात्याच्या आईला तो दर वर्षी पत्र लिहायचा, मराठीत. ‘तीर्थरूप मामांस, शिरसाष्टांग नमस्कार.’ पोस्टमन पण वाचून हसायचा.

त्यातलं एक पत्र मला पाठ आहे. लहानपणी तो ज्या गावात वाढला तिथे घायपाताचे मोठे मळे. बाप मळ्यात कामाला. साहेब लोकांच्या क्लबचं हिरवंगार मैदान होतं आणि त्याला तारेचं कुंपण. ह्या पोरांनी आत जायचं नाही. घायपाताच्या वाखाचा आणि चिंध्यांचा बॉल करून ही पोरं कुंपणाबाहेर खेळायची. आत साहेब कसा पास देतो ते तारेला नाक लावून बघायचं, आणि बाहेर तसा द्यायचा. तो म्हणायचा, “माझे पहिले गुरू मला ओळखत नव्हते.”

स्वातंत्र्यानंतर तेच मैदान जुमाच्या ताब्यात आलं. ते सांभाळणारा तो पहिला आफ्रिकन माणूस. पहिल्या दिवशी गाव जमलं. सगळ्यांना वाटलं, आता हा कुंपण उपटणार. दोघा-तिघांनी कुऱ्हाडी आणल्या होत्या. जुमाने कुंपण उपटू दिलं नाही.

पत्रात लिहिलं होतं, ‘कुंपण नसल्यास गुरे आत येतात व गवत खातात. मी फक्त त्यास दार केले. कुलूप केले नाही.’

आईने ते पत्र दोनदा वाचायला लावलं. मग म्हणाली, “शहाणा आहे. माझ्या घरात राहिला होता.”

*

आता शेवटचा किस्सा. हा मी बागेत सांगत नाही.

त्या पुण्याच्या मॅचला मुंबईच्या एका मोठ्या क्लबचे सेक्रेटरी आले होते. नंतर त्यांचं पत्र आलं. येत्या रविवारी मुंबईला ट्रायलला या. तिथे घेतलं असतं तर जुमा कुठल्या कुठे गेला असता. आमच्या कारखान्याने रजा दिली. इस्माईलभाईंनी बुटांना नवीन तळ लावले. आईने लाडू केले.

गुरुवारी संध्याकाळी शेवटची प्रॅक्टिस. जुमा बॉल घेऊन माझ्याकडे येत होता. एरवी मी गोल सोडून बाहेर जायचो नाही, पण त्यानेच मला शिकवलं होतं, की समोरचा एकटा आला तर थांबू नको, त्याच्या पायावर झेप घे. मी झेप घेतली. डोळे मिटले होते. वाळकी काटकी मोडावी तसा आवाज आला.

त्याची डावी नळी. बुटाच्या जरा वर.

मी दवाखान्यात गेलो नाही. आठ दिवस गेलो नाही. कामावर जायचो आणि खोलीवर येऊन भिंतीकडे तोंड करून पडायचो. नवव्या दिवशी तात्याची आई माझ्या दारात उभी. “चल. तो रोज विचारतो, बाळू जेवला का.”

गेलो. जुमा पाय वर टांगून पडला होता. मी पाठ करून आलेलं सांगायला तोंड उघडलं. तेवढ्यात त्या सेक्रेटरींनी पाठवलेला माणूस आला, मुंबईहून, चौकशीला. त्याने विचारलं, “कसं झालं हे? कुणी पाडलं?”

जुमा म्हणाला, “मैदान ओले होते. मी घसरलो.”

मे महिना होता. मैदान तव्यासारखं तापलेलं. मुंबईचा माणूस खिडकीबाहेरच्या उन्हाकडे बघत राहिला, मग माझ्याकडे बघून निघून गेला. महिन्याभराने पत्र आलं, की त्या जागी दुसरा घेतला.

पाय बरा व्हायला पावसाळा संपला. त्या काळात आमच्या मॅचेस चालूच होत्या आणि आम्ही हरत होतो. कारण मी लाइन सोडायचो नाही. समोरचा एकटा आला की माझे पाय जमिनीत रुतायचे. टीममध्ये कुणी एका शब्दाने बोललं नाही. तात्यासुद्धा नाही. काठी टेकत बांधावर बसून जुमा सगळं बघत असायचा.

दसरा झाल्यावरचा रविवार. सकाळी सात वाजता जुमा माझ्या खोलीवर आला. काठी नव्हती. काखेत बॉल. “चल,” म्हणाला.

मैदानावर आम्ही दोघंच. गवत घोट्याएवढं वाढलेलं. तो मला गोलमध्ये उभा करून लांब गेला. लंगडतच बॉल घेऊन आला आणि कडेने गोल मारला. मी जागेवर.

“बाहेर ये,” तो म्हणाला.

परत आला. परत गोल.

“बाळू, बाहेर ये.”

“नाही जमत.”

“मी हळू येतो.”

“अरे, तुझा पाय…”

“पाय माझा आहे. तू बॉल बघ.”

किती वेळा झालं ते मी मोजलं नाही. ऊन वर आलं. त्याचा शर्ट पाठीला चिकटला होता आणि लंगडणं वाढत चाललं होतं. तरी तो दर वेळी मागे जायचा, वळायचा, यायचा. मला रडू यायला लागलं. मी म्हटलं, “बस कर जुमा, पाया पडतो.”

तो मागे गेला, वळला आणि ह्या वेळी पळत आला. पूर्वीसारखा. बॉल डाव्या पायापुढे.

आणि मी सुटलो. डोळे उघडे ठेवून. त्याच्या पायांवर सगळं अंग टाकलं. तो माझ्यावरून उलटा होऊन पलीकडे पडला. धप्प आवाज झाला. मग काहीच नाही.

मी तसाच पडून राहिलो. वर बघायची हिंमत होईना. शेवटी मान वळवली. जुमा गवतात उताणा पडला होता, डोळे मिटून.

“जुमा,” मी म्हटलं. “जुमा, पाय?”

त्याने एक डोळा उघडला. माझ्याकडे पाहिलं. माझ्या पोटाशी बॉल होता, दोन्ही हातांनी घट्ट धरलेला.

“झाला बरा,” तो म्हणाला.